वन्यजीव अभ्यासाच्या पहिल्या प्रकल्पाला हात देताना: खानदेशातील मार्गदर्शकांसाठी टप्प्याटप्प्याने

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालयांतून दर वर्षी अनेक मुले-मुली वन्यजीवांवर प्रकल्प करायचे ठरवतात आणि त्यांपैकी बऱ्याच जणांचे काम ऐन फेब्रुवारीत अडून पडते. कधी परवानगी आलेली नसते, कधी पैसे संपलेले असतात, तर कधी गोळा केलेल्या नोंदींतून उत्तर काढावे असा प्रश्नच कोणी विचारलेला नसतो. दोष मुलांच्या हौसेचा नसतो. आपण मार्गदर्शक मंडळी क्रम उलटा लावतो: आधी रानात एक फेरी, मग फोटो, मग त्या फोटोंवरून विषय आणि सर्वांत शेवटी परवानगीचा अर्ज. हा लेख प्राध्यापकांसाठी, निसर्गमंडळांतील जाणत्या कार्यकर्त्यांसाठी आणि नुकत्याच कामाला लागलेल्या धाकट्या सहकाऱ्यांना सांभाळणाऱ्यांसाठी आहे. विद्यार्थ्यानेही तो वाचावा, म्हणजे मार्गदर्शकाकडे नेमके काय मागायचे ते त्याला कळेल.

टप्पा १: होकार देण्याआधी स्वतःला विचारायच्या तीन गोष्टी

विद्यार्थी समोर येऊन बसला की आपण उत्साहाने 'कर, मी आहे' असे म्हणून टाकतो. त्याआधी एका कागदावर तीन उत्तरे लिहावीत. आठवड्यातून किमान एक तास पुढचे आठ महिने मी याला देऊ शकतो का? याचा प्रवास, मुक्काम आणि जेवण यांचा खर्च कोठून येणार हे मला माहीत आहे का? आणि रानात काही बरेवाईट झाले, तर पहिला फोन माझ्या नावावर येणार, हे मला मान्य आहे का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर होकार देऊ नये. ज्याच्याकडे ते उत्तर आहे अशा माणसाशी गाठ घालून द्यावी. तोंडी प्रोत्साहनाला खर्च येत नाही, म्हणून तेच सर्वांत जास्त वाटले जाते.

तपासणी: तिन्ही उत्तरे विद्यार्थ्याला दाखवली आहेत का? दाखवली नसतील, तर ती मनातच राहतात आणि डिसेंबरात बदलतात.

टप्पा २: विषय बाजूला ठेवून प्रश्न लिहून घेणे

'यावल अभयारण्यातील सस्तन प्राणी' हा विषय झाला. त्याला प्रश्न म्हणता येत नाही. विषयाला शेवट नसतो, म्हणून त्यावर काम करणारा विद्यार्थी अखेरीस यादी करून थांबतो. प्रश्न एका वाक्यात, मराठीत आणि प्रश्नचिन्हासह लिहून घ्यावा. इंग्रजी मागाहून करता येते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिल्याच दिवशी इंग्रजीत लिहायला लावले, तर ती दुसऱ्यांच्या प्रबंधातील वाक्ये जोडून आणतात आणि आपल्याला वाटते की प्रश्न तयार झाला.

एक उदाहरण घेऊ. 'हतनूर धरणाच्या पाणफुगवट्यात जेथे रोज मासेमारी चालते आणि जेथे चालत नाही, अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यातील पाणपक्ष्यांच्या संख्येत फरक पडतो का?' या वाक्यातून पुढचे सगळे काम उलगडत जाते. मासेमारीचे चार आणि बिनमासेमारीचे चार, असे आठ बिंदू ठरवावेत. प्रत्येक बिंदूवर सहा फेऱ्या केल्या की अठ्ठेचाळीस मोजण्या होतात. प्रत्येक मोजणी सूर्योदयानंतरच्या दोन तासांत करावी. बिंदूंचा क्रम दर फेरीत बदलावा, नाहीतर एकच किनारा नेहमी पहाटे आणि दुसरा नेहमी उन्हे चढल्यावर मोजला जाईल आणि फरक मासेमारीचा की वेळेचा हे सांगता येणार नाही. धरणातले पाणी हिवाळाभर सोडले जात असल्याने किनारा मागे सरकत जातो. म्हणून दर वेळी पाण्याची रेषा कोठे आहे हेही टिपावे. पाणी उथळ झाल्यावर चिखलपायटे पक्षी वाढतात आणि बुडी मारणारी बदके खोल पाण्याकडे सरकतात. हे ज्याने टिपले नाही, तो त्याचेही खापर मासेमारीवर फोडतो.

पहिल्या अभ्यासासाठी वाघ-बिबटे टाळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मुक्ताईनगर तालुक्यातील डोलारखेड्याकडे केळीच्या बागांत वाघ वावरतो, हे वाचून प्रत्येकाला तेच करायचे असते. परंतु इतक्या विरळ प्राण्याच्या मोजक्या नोंदींतून सहा महिन्यांत काही सिद्ध होत नाही. वर तेथील शेतकऱ्यांच्या मागे आणखी एक वहीवाला लागतो, ते वेगळेच. गावतळ्यातील पक्षी, बांधावरची झाडे आणि त्यांतील ढोल्या, रस्त्यावर मरणारे साप, कापसाच्या आणि केळीच्या शेतांतील पक्ष्यांमधला फरक असे प्रश्न घराजवळ, कमी खर्चात आणि पुरेशा नोंदींसह सुटतात.

टप्पा ३: वेळापत्रक शेवटाकडून मांडणे

प्रबंध सादर करण्याच्या तारखेपासून मागे मोजत यावे. लिखाणाला सहा आठवडे, नोंदींच्या विश्लेषणाला चार, प्रत्यक्ष कामाला दहा ते बारा आणि सरावफेरीला दोन आठवडे धरले, तर नोव्हेंबरात रानात उतरणाऱ्याचा परवानगीचा अर्ज जूनअखेर किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेलेला असायला हवा. परवानगीसाठी चार महिने हातात ठेवावेत. त्याहून लवकर मिळाली तर आनंदच आहे.

खानदेशात ऋतूही मोजावा लागतो. मार्चच्या अखेरीस सकाळी दहानंतर पक्षी गप्प होतात, माणूसही फार काळ उभा राहू शकत नाही, आणि एप्रिल-मे मधल्या उन्हात अननुभवी मुलांना दुपारी सातपुड्याच्या पायथ्याशी पाठवणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. पावसाळ्यात नाले अचानक भरतात आणि पलीकडच्या पाड्यावर अडकलेल्या माणसाला परतायला मार्ग उरत नाही. याउलट पानगळीनंतर रान मोकळे दिसते, म्हणून झाडांवरील घरटी, ढोल्या आणि घुबडे शोधायला तोच काळ बरा पडतो.

टप्पा ४: परवानगी

सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून येथे रेंगाळणे भाग आहे.

आधी जागा कोणाच्या ताब्यात आहे ते ठरवावे. अभयारण्य वन्यजीव शाखेकडे असते, तर त्याबाहेरचे राखीव वन प्रादेशिक विभागाकडे. यावल नावाचे अभयारण्य आहे आणि यावल नावाचा प्रादेशिक वनविभागही आहे, आणि नावाच्या या सारखेपणामुळे अर्ज चुकीच्या टेबलावर महिनाभर पडून राहिल्याचे मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे. शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य किंवा चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगरात पसरलेले गौताळा औट्रम घाट अभयारण्य यांच्या बाबतीतही प्रथम परिक्षेत्र कार्यालयात जाऊन, 'हे कोणत्या विभागाच्या अखत्यारीत येते?' असे विचारून घ्यावे. धरणाच्या भिंतीलगतच्या आणि प्रतिबंधित भागासाठी जलसंपदा विभागाला विचारावे लागते. खासगी शेतात शेतकऱ्याची तोंडी संमती पुरते, पण ती दर हंगामात नव्याने घ्यावी.

मग कोणते कलम लागते ते पाहावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात अभ्यासासाठी किंवा संशोधनासाठी प्रवेशाचा परवाना मुख्य वन्यजीव रक्षक देतात. त्यांचे कार्यालय नागपूरला आहे. नुसते पाहणे, मोजणे, माग टिपणे एवढेच काम असेल, तर हा परवाना लागतो. परंतु प्राणी पकडणे, त्याला खूण लावणे, रक्त किंवा ऊतीचा नमुना घेणे असे काही असेल, तर कलम १२ खालील वेगळा परवाना लागतो आणि प्राणी अनुसूची १ मधला (कायद्यातील सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतला) असल्यास केंद्र सरकारची पूर्वमान्यताही लागते. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्या नव्याने मांडल्या गेल्या असून ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. जुन्या पुस्तकातून अनुसूची क्रमांक उतरवून अर्ज करू नये.

सावधान: कायद्यातील 'शिकार' या शब्दाची व्याख्या आपल्या बोलण्यातल्या शिकारीपेक्षा बरीच मोठी आहे. पकडणे, सापळा लावणे, आमिष दाखवणे, शरीराचा भाग काढून घेणे आणि पक्ष्यांच्या किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्या-घरट्यांना धक्का लावणे हे सारे तिच्यात येते. घरट्यातील अंडी उचलून मोजपट्टीवर ठेवणारा विद्यार्थी स्वतःला संशोधक समजत असतो. कायद्याच्या नजरेत तो दुसराच कोणी असतो.

रस्त्यावर मेलेल्या प्राण्यांचा अभ्यास निवडणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मेलेला वन्यप्राणीही शासनाची मालमत्ता ठरतो. फोटो काढावा, जागेची नोंद करावी आणि वनरक्षकाला कळवावे. उदमांजराचे कातडे किंवा खवले मांजराचे खवले महाविद्यालयाच्या संग्रहालयासाठी पिशवीत घालून आणू नयेत. वन विभागाची '१९२६' ही मदतवाहिनी विद्यार्थ्याच्या फोनमध्ये आधीच साठवून द्यावी.

अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नावे, प्राचार्य किंवा विभागप्रमुख यांच्यामार्फत करावा आणि त्याची प्रत संबंधित उपवनसंरक्षकांना द्यावी, कारण प्रत्यक्ष जागेविषयी त्यांचाच अभिप्राय विचारला जातो. अर्जासोबत दोन-तीन पानांचा आराखडा, नकाशावर दाखवलेले बिंदू, येणाऱ्या प्रत्येकाचे नाव व ओळखपत्र, तारखा, वाहनाचा क्रमांक आणि वापरायच्या साधनांची यादी असावी. कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा), ध्वनिमुद्रक, ड्रोन यांचा उल्लेख न करता ते रानात नेले, तर मिळालेली परवानगीही धोक्यात येते. 'अभयारण्यात फिरणे' असे मोघम न लिहिता कोणत्या परिक्षेत्रात, कोणत्या बीटमध्ये (वनरक्षकाच्या हद्दीत), किती दिवस आणि किती वाजेपर्यंत, असे लिहावे.

अर्ज देताना आवक शिक्का मारलेली पोच घ्यावी. पोच नसेल, तर अर्ज दिलाच नाही असे समजावे. तीन आठवड्यांनी आवक क्रमांक सांगून चौकशी करावी. फोनवर 'माझ्या अर्जाचे काय झाले?' असे विचारण्यापेक्षा क्रमांक सांगितला की समोरच्या लिपिकालाही फाइल काढणे सोपे जाते.

सावधान: सातपुड्यात यावल अभयारण्याच्या उत्तरेला मध्य प्रदेशाची सीमा लागते. महाराष्ट्राची परवानगी तेथे चालत नाही आणि रानात सीमा दिसत नाही. जीपीएसमध्ये अभयारण्याची हद्द आधीच भरून द्यावी आणि सीमेच्या अलीकडे थोडे अंतर मोकळे सोडूनच बिंदू ठेवावेत.

तपासणी: परवाना हाती आल्यावर तारखा, नावे आणि अटी मोठ्याने वाचून घ्याव्यात. अखेरीस अहवालाची प्रत देण्याची अट असेल, तर ती वेळापत्रकात आत्ताच लिहावी. ती न देणाऱ्यामुळे पुढच्या वर्षी त्याच महाविद्यालयातून येणाऱ्या मुलांचे अर्ज अडतात.

टप्पा ५: पैसा उघडपणे बोलणे

आपल्याकडे या विषयावर बोलणे अवघड जाते, आणि त्यामुळेच ज्याच्या घरी मोटारसायकल आहे आणि ज्याला सुट्टीत शेतावर राबावे लागत नाही, तोच मुलगा वन्यजीव क्षेत्रात टिकतो. तळोदा किंवा धडगावच्या पाड्यावरून आलेली मुलगी रानाची त्याच्यापेक्षा दसपट जाणकार असते. पण शहाद्याहून तोरणमाळपर्यंतच्या फेऱ्यांचे भाडे तिला परवडत नाही, म्हणून दुसऱ्या महिन्यात ती गळते.

फेऱ्यांची संख्या गुणिले प्रवास, मुक्काम, जेवण, वाटाड्याची मजुरी, दुरुस्ती आणि छपाई असा साधा तक्ता करावा आणि पैसे आगाऊ द्यावेत. 'बिले जोडा, मग मिळतील' ही पद्धत ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्याच्यासाठीच चालते. दुर्बीण, जीपीएस आणि ओळख-पुस्तके विभागाने विकत घेऊन नोंदवहीवर सही घेऊन द्यावीत.

बाहेरचे अनुदान शोधायचे असल्यास रफर्ड फाउंडेशनसारख्या संस्था नवोदितांच्या छोट्या संवर्धन प्रकल्पांना पैसे देतात. मात्र परदेशातून येणाऱ्या निधीला २०१० चा परकीय योगदान (विनियमन) अधिनियम लागू होऊ शकतो, त्यामुळे ती रक्कम कोणाच्या नावे आणि कशी घ्यायची, हे अर्ज पाठवण्याआधीच चार्टर्ड अकाउंटंटला विचारून घ्यावे. मंजुरीचे पत्र आल्यावर विचारणाऱ्यांची फार ओढाताण होते.

नुकतेच पदवी घेतलेल्यांना कामावर ठेवणाऱ्या संस्थांनीही एक नियम पाळावा: कामाचे स्वरूप, मानधन, ते कोणत्या तारखेला मिळेल, सुट्ट्या, विमा आणि नोंदींवरील हक्क हे एका पानावर लिहून सही करून द्यावे. 'अनुभव मिळेल' या शब्दांवर सहा महिने राबवून घेणे बंद झाले पाहिजे. मीही एकदा एका संस्थेत अशा अनुभवासाठी पावसाळाभर राबलो होतो. तेव्हाच्या माझ्या नोंदी पुढे कोणाच्या अहवालात गेल्या ते मला आजही ठाऊक नाही.

टप्पा ६: रानात पाठवण्याआधीची तयारी

एकट्याला कधीही पाठवू नये. दोघे असावेत आणि तिसरा माणूस गावात किंवा वनकुटीवर असावा, ज्याला परतण्याची वेळ लिहून दिलेली असते. वेळ टळून एक तास झाला की त्याने कोणाला फोन करायचा, तेही त्याच चिठ्ठीत असावे. सातपुड्यात फोनला अनेक ठिकाणी रेंज मिळत नाही; शेवटची रेंज कोठे मिळते ती जागा सरावफेरीत शोधून ठेवावी. सर्पदंशाची लस असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे प्रत्यक्ष जाऊन विचारून घ्यावे. दंश झाल्यास भगताकडे किंवा चिरा देण्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठायचे, हे विद्यार्थ्याच्या तोंडून वदवून घ्यावे.

मुलींना पाठवताना मुक्कामाची जागा मार्गदर्शकाने स्वतः पाहिलेली असावी आणि तक्रार करायची झाल्यास मार्गदर्शकाखेरीज आणखी एका स्त्रीचे नाव व क्रमांक त्यांना दिलेला असावा. तक्रार मार्गदर्शकाविषयीचीच असू शकते, हे आपण सहसा विसरतो.

गावाची संमती वेगळी घ्यावी लागते. अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली अनेक गावांना सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत. वन विभागाचा कागद दाखवून तेथील ग्रामसभेला डावलता येत नाही. पोलीस पाटील, सरपंच आणि पाड्यावरील कारभारी यांना भेटून, काय करणार आणि गावाला त्यातून काय मिळणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावे. मुलाखती घ्यायच्या असतील तर भाषा पाहावी. जळगावची अहिराणी बोलणारी मुले धडगावला गेली की पावरी ऐकून गोंधळतात आणि मग शाळेच्या मास्तरांनी केलेल्या भाषांतरावर सगळा अभ्यास उभा राहतो. त्याच पाड्यावरचा शिकलेला मुलगा किंवा मुलगी मजुरी देऊन सोबत घ्यावी आणि तिचे नाव अहवालात लिहावे.

टप्पा ७: नोंदी

सरावफेरी झाल्याशिवाय खरी मोजणी सुरू करू नये. सरावात दोघांनी एकच थवा स्वतंत्रपणे मोजावा आणि आकडे ताडून पाहावेत. एकाचे चाळीस आणि दुसऱ्याचे नव्वद आले, तर आणखी सराव हवा.

ओळख पटवण्याच्या बाबतीत आपल्या भागातील नेहमीची चूक म्हणजे साध्या पिंगळ्याला, म्हणजे गावाशेजारच्या लहान घुबडाला, दुर्मीळ रानपिंगळा ठरवणे. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, छाती गडद तपकिरी आणि शेपटीवरचे पट्टे रुंद असतात. फोटो किंवा आवाजाचे मुद्रण नसेल, तर 'पिंगळा, जात अनिश्चित' असे लिहावे. अनिश्चित लिहिण्यात कमीपणा नाही.

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश, हवामान, निरीक्षकाचे नाव आणि शोधाला लागलेला वेळ असावा. काहीच दिसले नाही, तरी शून्य लिहावे. कोरी जागा म्हणजे शून्य की विसर, हे मार्चमध्ये कोणालाच आठवत नाही. जागेची नोंद चुकली तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच रानपिंगळ्याचे आहे. माइनर्टझागेन या इंग्रज संग्राहकाने १९१४ ची आणि गुजरातमधील मांडवीची खोटी चिठ्ठी लावलेल्या नमुन्यामुळे शोध घेणारे कित्येक वर्षे भलत्याच जागी फिरत राहिले. ती लबाडी उघड झाल्यावर शोध पुन्हा जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये हा पक्षी शहाद्याजवळ सापडला. त्याआधीची शेवटची खरी नोंद १८८४ ची होती.

सावधान: दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये आणि फोटोसाठी त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना जागा धूसर ठेवण्याची सोय वापरावी.

तपासणी: दर रविवारी वहीचे फोटो काढून आणि आकडे संगणकात भरून मार्गदर्शकाकडे पाठवले जातात का? वही एकच असेल आणि ती नाल्यात पडली, तर हिवाळाच वाहून जातो.

टप्पा ८: श्रेय, शिफारस आणि पुढची वाट

लेखात कोणाचे नाव कितव्या क्रमांकावर येणार, हे काम सुरू होण्याआधी लिहून ठेवावे. ज्याने नोंदी गोळा केल्या आणि पहिला मसुदा लिहिला, त्याचे नाव पहिले. केवळ खुर्चीच्या मानाने कोणाचेही नाव घालू नये. नोंदींची एक पूर्ण प्रत विद्यार्थ्याकडे राहिली पाहिजे.

बंगळूरला विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या संवर्धन विज्ञान परिषदेत आपले काम मांडायला मुलांना पाठवावे. तेथे समवयस्क भेटतात आणि प्रश्न नेमके विचारले जातात. पुढे शिकायचे असल्यास देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र येथील वन्यजीवविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे प्रवेश दर वर्षी निघतातच असे नाही, म्हणून जाहिरातीवर वर्षभर आधीपासून लक्ष ठेवावे. वनसेवेकडे वळणाऱ्याने लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी प्रकल्पाच्या वर्षात एकत्र करू नये. दोन्ही अर्धवट राहतात.

शिफारसपत्र मागणाऱ्याने सहा आठवडे आधी मागावे आणि देणाऱ्याने त्यात 'मेहनती व होतकरू' एवढ्यावर भागवू नये. 'डिसेंबरात तिसऱ्या बिंदूवरील मोजणी चुकल्याचे हिने स्वतः ओळखले, मला कळवले आणि दोन फेऱ्या पुन्हा केल्या' असे एक वाक्य निवड करणाऱ्याला पानभर स्तुतीपेक्षा अधिक सांगते. असे वाक्य लिहिता यावे यासाठी मार्गदर्शकानेही वर्षभर एक वही ठेवावी आणि प्रत्येक भेटीनंतर तारखेसह दोन ओळी लिहाव्यात.